‘मला ॲना म्हणा!’

सासरच्या उंबरठ्यावरचं माप ओलांडून आपण आत आलो, लक्ष्मीपूजन झालं, आणि मग कुणीतरी तांदळाचं ताट पुढे सरकवलं. नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात एक नाव लिहिलं. बायकांनी वाकवाकून ते वाचलं, पेढे वाटले गेले, आणि कालपर्यंतची कुसुम त्या संध्याकाळपासून सुनंदा झाली. आपल्यापैकी कितीतरी जणींनी हा क्षण अनुभवला आहे. कुणाला नवं नाव मनापासून आवडलं, कुणी ते मुकाट्यानं घेतलं. पण माहेरी गेल्यावर आईनं जुन्या नावानं हाक मारली की आत कुठेतरी गलबलून येतं ना? आज मी जिची हकिकत सांगणार आहे, तिचंही नाव असंच बदललं गेलं. फरक एवढाच, की तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची होती, आणि तिथं ना तांदूळ होते, ना पेढे, ना माया.

तिचं नाव ॲना मेरी ड्यूक. जगानं तिला ओळखलं ते पॅटी ड्यूक म्हणून. सोळाव्या वर्षी ऑस्कर मिळवणारी अमेरिकन नटी. पुढे तिनं लेखणी हातात घेतली आणि आपल्या मनाच्या आजाराची कहाणी कसलाही आडपडदा न ठेवता लिहून काढली. तोवर त्या आजारानं तिची उमेदीची वर्षं खाऊन टाकली होती. आणि ती का खाल्ली? आजार भयंकर होता हे एक कारण झालंच. पण त्याहून मोठं कारण हे, की त्या आजाराचं नाव बरीच वर्षं कुणी उच्चारलंच नाही.

टॅक्सीवाल्याची लेक

१४ डिसेंबर १९४६ चा तिचा जन्म. घर न्यूयॉर्कमधलं, अगदी साधं. वडील टॅक्सी चालवायचे आणि दारू प्यायचे. आई एका ठिकाणी गल्ल्यावर बसायची. तीन मुलांत ही धाकटी. आईला वरचेवर उदासीनं घेरलं जायचं, कधी राग आला की तो आवरता यायचा नाही. ॲना सहा वर्षांची असताना आईनं नवऱ्याला घराबाहेर काढलं. पदरात तीन मुलं आणि हातात तुटपुंजी मिळकत. अशा बाईची घालमेल आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

थोरल्या भावाला नाटका-जाहिरातींत थोडीफार कामं मिळत होती. ती मिळवून देणारं एक जोडपं होतं, जॉन आणि एथेल रॉस. त्यांची नजर धाकट्या बहिणीवर गेली. चुणचुणीत पोर, चेहरा बोलका. त्यांनी तिला शिकवायला घेतलं, हळूहळू ती त्यांच्याकडेच राहू लागली आणि शेवटी त्यांचीच होऊन गेली. आईला वाटलं असेल, निदान एका लेकराचं तरी भलं होईल.

भलं कसलं होतंय! रॉस दांपत्यानं पहिलं काम केलं ते नाव बदलण्याचं. त्या वेळी पॅटी नावाची एक बालनटी गाजत होती, म्हणून हिलाही पॅटी करून टाकलं. नुसतं बदललं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी त्या मुलीला बजावलं, की ॲना मेरी आता मेली, यापुढे तू पॅटी. आठ वर्षांच्या पोरीला तिच्याच मरणाची बातमी द्यायची, काय म्हणावं या माणसांना! त्या लहान वयापासून तिला मरणाची विलक्षण धास्ती बसली. एकाएकी ती किंचाळत सुटायची. कुणाला वाटायचं लाड आहेत, कुणाला वाटायचं नाटकं करते आहे.

तिचं बोलणं बदललं, कपडे बदलले, मैत्रिणी तुटल्या. पैसा ती मिळवायची आणि हिशेब ते ठेवायचे. टीव्हीवरच्या एका बक्षिसाच्या प्रश्नोत्तरांत तिला उत्तरं आधी पढवून बसवलं होतं. ते उघडकीला आल्यावर १९५९ मध्ये बारा वर्षांच्या या मुलीला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. त्या घरात तिला दारू दिली जायची, गुंगीच्या गोळ्या दिल्या जायच्या. त्याहून ओंगळ प्रकारही घडले, आणि ते तिनं आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहेत. मुलगी तोंड उघडणार कुणापाशी? आईशी भेट व्हायची तीही रॉस यांच्या मर्जीनं.

पाण्याला पाणी म्हणतात

आणि तरीसुद्धा या मुलीनं अभिनयात कमाल केली. हेलन केलरची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत वाचली आहे. आंधळी, बहिरी, मुकी मुलगी आणि तिला माणसात आणणाऱ्या तिच्या शिक्षिका ॲनी सुलिव्हन. या दोघींवरचं ‘द मिरॅकल वर्कर’ हे नाटक १९५९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. छोट्या हेलनचं काम पॅटीनं केलं आणि शिक्षिकेचं ॲन बॅनक्रॉफ्टनं. जेवणाच्या टेबलावर हेलन हातानं ओरबाडून खाते आणि बाई तिला चमच्यानं खायला लावतात, तो झटापटीचा प्रसंग दोघी रोज रात्री अक्षरशः घाम गाळून वठवायच्या. नाटकाचे सातशेहून जास्त प्रयोग झाले. खुद्द हेलन केलर बाईंना भेटण्याचं भाग्यही पॅटीला लाभलं. आपल्याकडे २००५ साली आलेला राणी मुखर्जी आणि अमिताभ बच्चन यांचा ‘ब्लॅक’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही सगळी धडपड चटकन डोळ्यांपुढे येईल.

या नाटकाचा प्राण कशात आहे? पंपाखाली हेलनच्या हातावर पाणी पडतं, दुसऱ्या तळव्यावर बाई बोटांनी अक्षरं काढतात, आणि एकाएकी त्या मुलीच्या डोक्यात प्रकाश पडतो. या गार, ओल्या, वाहत्या वस्तूला नाव आहे! जगातल्या प्रत्येक वस्तूला नाव आहे! नाव कळलं आणि तिचा अंधार फाटला.

रोज रात्री रंगमंचावर हा चमत्कार घडवणाऱ्या त्या मुलीला घरी मात्र स्वतःचं नाव उच्चारायची चोरी होती.

१९६२ मध्ये याच नाटकाचा चित्रपट झाला आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये सोळा वर्षांच्या पॅटीला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. स्पर्धेतून हे बक्षीस इतक्या लहान वयात तोवर कुणीच मिळवलं नव्हतं. बक्षीस घेताना ती फक्त ‘धन्यवाद’ म्हणाली आणि खाली उतरली. हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढे त्याची आठवण काढायची आहे.

एकीत दोघी

त्याच वर्षी टीव्हीवर ‘द पॅटी ड्यूक शो’ सुरू झाला. तो लिहिला सिडनी शेल्डन यांनी. हो, तेच ते जाडजूड कादंबऱ्यांचे शेल्डन! मालिकेची कल्पना ठरवण्याआधी त्यांनी या मुलीला काही दिवस आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. त्यांच्या लक्षात आलं, की या एका मुलीत दोन मुली आहेत. त्यावरून त्यांनी दोन चुलत बहिणी रचल्या, रूपानं तंतोतंत सारख्या आणि स्वभावानं दोन टोकांच्या. एक अवखळ, धांदरट. दुसरी शांत, शिस्तीची. दोन्ही कामं पॅटीच करायची. तीन वर्षं, शंभरावर भाग, अमेरिकेतल्या घराघरांत तिचं नाव झालं.

योगायोग पाहा. शेल्डन यांना स्वतःलाही तोच आजार होता, जो पुढे पॅटीला असल्याचं निघालं. २००५ मधल्या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगून टाकलं आहे. पण त्या काळी त्या मुलीची दोन रूपं ही सगळ्यांना करमणुकीचीच बाब वाटली.

अठरा वर्षांची झाल्यावर रॉस यांच्या तावडीतून सुटायचा तिनं एकच मार्ग शोधला, लग्न! १९६५ मध्ये आपल्याच मालिकेतल्या एका दिग्दर्शकाशी तिनं लग्न केलं. तो तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा. इतक्या वर्षांच्या कमाईतलं फारसं काही तिच्या हाती लागलंच नव्हतं. घर मिळालं, माणूस मिळाला, आता सगळं ठीक होईल अशी तिची समजूत. लग्न झालं की सुधारेल, मूल झालं की सुधारेल, हे आपल्याकडेही किती सहज म्हटलं जातं! पण मनाचा आजार हुंड्यात देऊन टाकता येत नाही, तो बरोबरच येतो.

‘प्यायली असेल!’

तिचं जेवण तुटलं, अंग वाळून गेलं. दारू वाढली. महिनेन् महिने ती अंथरुणातून उठायची नाही, नुसती रडत पडून राहायची. जीव द्यायचे प्रयत्न झाले, दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. १९६७ च्या ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ या चित्रपटात तिनं गोळ्यांच्या आहारी गेलेल्या गायिकेचं काम केलं, तेव्हा पडद्यावरची आणि घरातली बाई यांत फारसं अंतर उरलं नव्हतं. १९६९ मध्ये पहिलं लग्न मोडलं.

बरं, नुसती उदासीच असती तर कुणीतरी ओळखलीही असती. पण मध्येच सगळं उलटायचं. दूध उतू यावं तसा उत्साह भसाभसा वर यायचा. झोप नको, जेवण नको, बोलणं थांबायचं नाही, पैसा पाण्यासारखा जायचा, वाटेल ते बेत आणि वाटेल ते निर्णय. १९७० मध्ये टीव्हीवरच्या ‘माय स्वीट चार्ली’ या चित्रपटासाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. बक्षीस घ्यायला ती उभी राहिली आणि काय बोलते आहे ते कुणाला उमजेना. शब्द अडखळत होते, वाक्यं तुटत होती, मध्येच लांबलचक स्तब्धता. ऑस्करच्या वेळी एका शब्दात मोकळी झालेली हीच ती मुलगी! साऱ्या देशानं ते पाहिलं आणि लोक म्हणाले, प्यायली असेल. कुणी म्हणालं, नशा केली असेल. ही आजारी असेल, असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

त्याच वर्षी तिनं धड ओळखही नसलेल्या एका माणसाशी लग्न केलं. ते तेरा दिवसांत मोडलं. वर्तमानपत्रांना चघळायला आयतंच मिळालं. १९७१ च्या फेब्रुवारीत तिला मुलगा झाला, शॉन. पुढच्या वर्षी जॉन ॲस्टिन या नटाशी तिनं लग्न केलं. त्याला पहिल्या बायकोपासूनची तीन मुलं होती. त्यानं शॉनला आपलं नाव दिलं. १९७३ मध्ये मॅकेन्झी झाला. मुलांचं भरलेलं घर, आणि त्यात कधी आठवडाभर बंद खोलीत पडलेली, तर कधी आदळआपट करत सुटलेली आई.

बाहेर मात्र काम चालूच होतं. १९७९ मध्ये ‘द मिरॅकल वर्कर’ पुन्हा टीव्हीवर झालं तेव्हा एके काळची हेलन आता शिक्षिका झाली होती, आणि त्या कामाबद्दल तिला पुन्हा एमी मिळाला. जगाला तिचा पुरस्कार दिसत होता. बंद दारापलीकडलं मुलांना दिसत होतं. मुलांशी आपण कसं वागलो, किती ओरडलो, त्यांना किती घाबरवलं, हे पुढे तिनं स्वतःच लिहिलं. आईला असं लिहायला छाती लागते, मैत्रिणींनो.

आजाराला नाव मिळालं

१९८२ मध्ये एका मालिकेचं चित्रीकरण चालू असताना तिचा आवाज बसला. काम अडायला नको म्हणून डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. घसा सुधारला, पण मन सुसाट सुटलं. अशा औषधानं काहींचा उन्माद भडकू शकतो. ती इतके दिवस ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होती, त्यांना प्रथमच ही दुसरी बाजू भर जोमात दिसली. एरवी ती त्यांच्याकडे जायची ती रडवेली होऊन. त्यांनी निदान केलं, मॅनिक डिप्रेशन. आता त्याला बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतात. कधी उन्मादाचं टोक, कधी विषादाचं.

वय पस्तीस. हे ऐकून ती कोसळली असेल असं आपल्याला वाटतं. पण तसं झालं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मी वाईट नाही, मी नाटकी नाही, मी कृतघ्न नाही, मला एक आजार आहे! त्याला नाव आहे, आणि नाव आहे म्हणजे औषधही असेल.

औषध होतंच. लिथियम नावाचा साधासा क्षार. त्याचा उन्मादावर गुण येतो हे ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्येच दाखवून दिलं होतं आणि अमेरिकेत १९७० मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली होती. म्हणजे ज्या वर्षी ती त्या व्यासपीठावर अडखळत होती, त्याच वर्षी तिचं औषध दुकानात आलं होतं! बारा वर्षं ते तिच्यापर्यंत पोहोचलं नाही, कारण दुखण्याला कुणी नाव दिलं नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत तिला आपण थाऱ्यावर येत असल्याचं जाणवू लागलं. ना खोल खड्डा, ना उधळलेला घोडा. साधी सकाळ, साधी संध्याकाळ.

एका गोळीनं संसार सावरला, असं मात्र मी सांगणार नाही. जॉन ॲस्टिनशी लग्न १९८५ मध्ये मोडलंच. इतक्या वर्षांचे ओरखडे गोळीनं पुसत नाहीत. पण पायाखाली जमीन आली. त्याच साली ती अमेरिकेतल्या पडद्यावरच्या नटनट्यांच्या संघटनेची अध्यक्ष झाली आणि १९८८ पर्यंत तिनं ते काम पाहिलं. त्या खुर्चीवर बसलेली ती दुसरीच स्त्री. एका चित्रपटासाठी तिला लष्करी कवायत शिकवायला मायकेल पिअर्स नावाचा सार्जंट आला होता. १९८६ मध्ये तिनं त्याच्याशी लग्न केलं, ती आयडाहो राज्यातल्या शांत मुलखात राहायला गेली, दोघांनी एक मुलगा दत्तक घेतला. हे लग्न तिच्या अखेरपर्यंत टिकलं. त्या घरात तिला कुणी पॅटी म्हणत नसे. तिथं ती ॲना होती.

लेखणी

१९८७ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं. केनेथ ट्युरान या पत्रकाराच्या साथीनं तिनं ते लिहिलं. नाव काय ठेवलं असेल? ‘कॉल मी ॲना’, म्हणजे ‘मला ॲना म्हणा’. मेली म्हणून जाहीर केलेल्या त्या आठ वर्षांच्या पोरीला तिनं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जिवंत करून उभं केलं. १९९० मध्ये त्यावर टीव्हीसाठी चित्रपट निघाला आणि त्यातल्या उत्तरार्धात तिनं स्वतःचीच भूमिका केली.

तिचं दुसरं पुस्तक १९९२ चं, ‘अ ब्रिलियंट मॅडनेस’. ते ग्लोरिया हॉकमन या वैद्यकीय लेखिकेबरोबर लिहिलेलं. त्याची रचना मला फार आवडली. एका प्रकरणात ही आपला अनुभव सांगते आणि दुसरीत हॉकमन बाई वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते सांगतात. नुसता अनुभव सांगितला तर लोक हळहळतात आणि विसरतात. नुसतं शास्त्र सांगितलं तर कंटाळतात. दोन्ही हातात हात घालून आलं की वाचणारी बाई पान मिटताना म्हणते, अगं बाई, हे तर आमच्या घरातलं!

त्या काळी मोठ्या नटीनं असं उघड सांगणं सोपं नव्हतं. काम मिळायचं बंद होईल, लोक वेडी म्हणतील, ही भीती होतीच. तिनं पुस्तकावर भागवलं नाही. गावोगाव व्याख्यानं दिली, आजाऱ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलत राहिली. २९ मार्च २०१६ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, आतड्याच्या दुखण्यातून झालेल्या जंतुसंसर्गानं ती गेली. आत्महत्येचे इतके प्रयत्न केलेली बाई नातवंडं पाहून गेली, हे काय कमी आहे? थोरला शॉन ॲस्टिन, ज्याला आपली मुलं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅम म्हणून ओळखतात, तो आईचं हे काम पुढे चालवतो आहे. बंद दाराबाहेर घाबरून उभं राहिलेलं ते पोर आज आईविषयी अभिमानानं बोलतं. खरं सांगायचं तर मला तिच्या ऑस्करहूनही ही गोष्ट मोठी वाटते.

आपल्या घरात

आता जरा आपल्याकडे पाहू या. आपल्याकडे या आजाराला नावं पुष्कळ आहेत, फक्त खरं तेवढं नाही. बाहेरचं झालंय, अंगात येतं, डोक्यावर परिणाम झालाय, मुळातच तऱ्हेवाईक आहे, कामाचा कंटाळा आहे, माहेरच्यांनी लाडावून ठेवलंय. मग उतारे होतात, अंगारे होतात, नाहीतर सरळ माहेरी नेऊन सोडलं जातं.

आणि दुसरी बाजू माहेरची. मुलीला लग्नाआधीपासून गोळ्या चालू असतात, पण स्थळ हातचं जाईल म्हणून सांगत नाहीत. सासरी कळेल या धाकानं मुलगी गोळ्या बंद करते. जागरणं, दगदग, नवी माणसं, आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं उसळून वर येतं. मग दोन्ही घरं एकमेकांवर दात खातात आणि मधल्या मधे ती पोर भरडली जाते. मधुमेह असता तर इन्सुलिन लपवलं असतं का आपण?

म्हणून काही गोष्टी ओळीनं लिहिते. कात्री लावून हा मजकूर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलात तरी चालेल.

एवढं लक्षात ठेवा

• पहिली खूण झोपेत दिसते. दोन-तीन तास झोपूनही माणूस ताजंतवानं, बडबड वाढलेली, खर्चाला धरबंध नाही, चिडचिड, अचाट बेत, असं काही दिवस सलग चाललं तर तो नुसता उत्साह समजू नका. त्याउलट दोन आठवड्यांहून जास्त उदासी, कशातच गोडी नाही, जेवण-झोप बिघडलेली, हेही दुखणंच.

• डॉक्टरांना दोन्ही बाजू सांगा. बायका जातात त्या रडू आवरेनासं झालं की, आणि उत्साहाचे दिवस सांगायचं राहून जातं. त्यामुळे निदान चुकतं. घरातल्या कुणीतरी बरोबर जावं. घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, तेही सांगावं. काही घराण्यांत हा आजार जास्त आढळतो, पण आईला आहे म्हणजे मुलाला होणारच असं मुळीच नाही.

• स्टिरॉइड किंवा दुसरं कुठलंही नवं औषध सुरू होताना, आपल्याला हा आजार आहे हे त्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

• लिथियम चालू असेल तर ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यायलाच हवं. औषधाचं रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवर नजर ठेवावी लागते. मीठ एकदम सोडू नका. हरतालिकेसारखे निर्जळी उपास करू नका, देवी रागावणार नाही. उन्हाळा, जुलाब, उलट्या अशा वेळी अंगातलं पाणी कमी झालं की औषध रक्तात वाढून विषासारखं बाधू शकतं. हात फार थरथरणं, झोक जाणं, बोलणं जड होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टर गाठा. अंगदुखीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

• बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. या आजारात बाळंतपणानंतरचे आठवडे फार जपायचे असतात. त्या दिवसांत बाळंतिणीला रात्रीची झोप मिळेल, एवढं सासूबाईंनी आणि नवऱ्यानं पाहिलं तरी मोठा आधार होतो.

• उन्मादात वाद घालू नका, हरणार आपणच. बरं असतानाच ठरवून ठेवा, की पैशांचे व्यवहार त्या दिवसांत कोण सांभाळेल आणि कुठल्या खुणा दिसल्या की डॉक्टरांकडे जायचं.

• मुलांपासून लपवू नका. आईला एक आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, औषध चालू आहे, एवढी तीन वाक्यं लहान मुलालाही कळतात.

• मरणाची भाषा हसण्यावारी नेऊ नका. एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. पोलिसांच्या धाकानं कुणी गप्प बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता सोसणारा माणूस मानलं आहे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात साध्या केसपेपरवर तपासणी होते.

ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव आपण सगळ्यांनी हौसेनं वाचलं. तसंच घरातल्या एखादीच्या दुखण्याचं नावही मोठ्यानं वाचायला शिकू या. आपल्या शेजारी, नात्यात, कदाचित आपल्याच स्वयंपाकघरात एखादी ॲना निमूटपणे पोळ्या लाटत असेल. या आठवड्यात तिच्याकडे चहाला जा. ‘काय गं, नाटकं कसली करतेस?’ असं म्हणण्याऐवजी ‘झोप लागते का गं रात्री?’ एवढं विचारा, आणि ती बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नका.